हिट की चूक? बेसबॉलच्या वहीतला जुना तंटा



शाळेच्या पटांगणावर क्रिकेटचा सामना चालू असताना एका कडेला वही घेऊन बसलेला मुलगा तुम्ही पाहिला असेल. फलंदाजाच्या चार धावा झालेल्या असतात. तो चेंडू उंच मारतो, खाली उभ्या असलेल्या गड्याच्या ओंजळीत तो येतो आणि सुटतो. पुढे तोच फलंदाज शंभर धावा काढतो. संध्याकाळी ती वही उघडून पाहा. शंभर धावा लिहिलेल्या दिसतील, पण सुटलेल्या झेलाची खूण कुठेच दिसणार नाही. ज्याच्या हातून झेल सुटला त्याला गावातले लोक चार दिवस बोलतील. वही मात्र त्याच्याबद्दल गप्प राहते.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्याची वही अशी गप्प राहत नाही. कुणाच्या हातून चेंडू निसटला, कुणी चुकीची फेक केली, हे ती नावानिशी लिहून ठेवते. आणि ते लिहायचं काम एका माणसाच्या मतावर सोपवलेलं आहे. या एका व्यवस्थेतून तिकडे असे तंटे निर्माण झाले की त्यांतले काही शंभर वर्षं उलटली तरी मिटलेले नाहीत. त्यांतल्या काहींची हकीकत आज सांगायची आहे.

आधी खेळाची तोंडओळख करून घेऊ. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार मुक्काम असतात, त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत अंतर नव्वद फूट. मध्ये उभा राहून चेंडू टाकणारा तो पिचर. फलंदाजाने चेंडू मारायचा आणि चेंडू पहिल्या बेसवर पोचायच्या आत आपण पोचायचं. पोचला तर तो वाचला, नाही तर बाद. एका डावात तीन गडी बाद, आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव. म्हणजे सामना जिंकायला पिचरला सत्तावीस गडी बाद करून घ्यावे लागतात.

आता गंमत इथे आहे. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला हे अंपायर सांगतो. पण तो कशामुळे पोचला? स्वतःच्या फटक्याच्या जोरावर पोचला असेल तर त्याच्या नावावर ‘हिट’ लिहायची. क्षेत्ररक्षकाने घोटाळा केला म्हणून पोचला असेल तर क्षेत्ररक्षकाच्या नावावर ‘चूक’ लिहायची. हे अंपायर ठरवत नाही. हे ठरवतो वर कक्षात बसलेला अधिकृत गुणलेखक. नियम त्याला एवढंच सांगतो की, त्या जागी खेळणाऱ्या सरासरी कुवतीच्या खेळाडूने साधारण प्रयत्न केला असता तर गडी बाद झाला असता काय, ते पाहा. आता ‘साधारण प्रयत्न’ कशाला म्हणायचं? पंचनामा करणाऱ्या तलाठ्याला विचारा, ‘साधारण नुकसान’ म्हणजे किती. तसाच हा शब्द आहे.

ज्या सामन्यात पिचर समोरच्या संघाला एकही हिट मिळू देत नाही, त्याला ‘नो-हिटर’ म्हणतात. १८७६ पासून तिकडच्या वरिष्ठ लीगमध्ये दोन लाखांहून अधिक सामने झाले. त्यांत नो-हिटर सव्वातीनशेच्या आसपास. कितीतरी थोर पिचर जन्मभर खेळून गेले आणि त्यांना एकही मिळाला नाही. एखाद्या सामान्य गड्याला तो एका दुपारी मिळून जातो आणि त्याचं नाव कायमचं यादीत चढतं. म्हणजे पाहा, सामना कोण जिंकलं हे पेन्सिलीने बदलत नाही, पण इतिहासात कुणाचं नाव राहणार हे बदलतं. हिटच्या जागी चूक, एवढाच काय तो फरक.

ही वही मांडणाऱ्या मंडळींत हेन्री चॅडविक हा प्रमुख. त्याचा जन्म १८२४ सालचा, इंग्लंडमधल्या एक्सेटर गावचा. लहानपणी तो अमेरिकेत आला, वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला आणि मग बेसबॉलकडे वळला. क्रिकेटच्या गुणपत्रिकेवरून त्याने बेसबॉलची गुणपत्रिका बसवली, आणि चुकांचा हिशेब तिच्यात आग्रहाने ठेवला. फलंदाजाला फुकटचं श्रेय मिळू नये, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता, पण त्यासाठी कुणाला तरी न्यायाधीश बनवावं लागलं.

हा न्यायाधीश बराच काळ वर्तमानपत्राचा बातमीदार असे. त्या त्या गावचा एखादा अनुभवी क्रीडालेखक सामन्याची बातमीही लिही आणि थोड्याशा मेहनतान्यावर अधिकृत वहीही सांभाळी. म्हणजे एकाच माणसाने निकाल द्यायचा, त्याच निकालाची बातमी द्यायची, आणि सामना संपल्यावर ज्यांच्याविरुद्ध निकाल दिला त्याच खेळाडूंकडे दोन शब्द बोला म्हणून जायचं. तुमच्या गावात परीक्षेचे गुण देणारे गुरुजी आणि त्या निकालावर वर्तमानपत्रात लिहिणारे गुरुजी एकच असते, तर पालकांनी काय केलं असतं?

१९१७ च्या मे महिन्यात सेंट लुईस शहरात अर्नी कूब नावाच्या पिचरने शिकागोच्या संघाविरुद्ध सामना १–० असा जिंकला. पहिल्याच डावात शिकागोच्या बक वीव्हरचा एक फटका क्षेत्ररक्षकाला आवरला नव्हता आणि त्याची हिट लिहिली गेली होती. सामना संपला, लोक घरी गेले, आणि मग चर्चा होऊन हिटची चूक झाली. कूबला नो-हिटर मिळाला. शिकागोचे लेखक चिडले, आणि मला वाटतं त्यांचं चिडणं रास्त होतं. सगळ्यांना शेवट कळल्यावर सुरुवात बदलली, तर संशयाला जागा राहणारच.

पण खरी मन लावून ऐकण्यासारखी हकीकत हॉवर्ड एम्कीची आहे.

१९२३ साल. बोस्टनचा संघ तेव्हा अगदी तळाला होता. आठ संघांत आठवा. अशा संघातून एम्कीने त्या वर्षी वीस सामने जिंकले. यावरून त्याची योग्यता लक्षात येईल. ७ सप्टेंबरला फिलाडेल्फियात त्याने नो-हिटर टाकला. या सामन्यात दैव त्याच्या बाजूला होतं असंच म्हटलं पाहिजे. फिलाडेल्फियाच्या स्लिम हॅरिसने एक चेंडू असा दणकावला की तो थेट दुसऱ्या बेसपर्यंत गेला. पण धावताना पहिल्या बेसला त्याचा पाय लागला नव्हता. अंपायरने त्याला बाद दिलं आणि हिट पुसली गेली. दुसऱ्या एका वेळी फ्रँक वेल्चचा फटका डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या, मेनॉस्कीच्या, हातून निसटला. गुणलेखकाने आधी हिट दिली होती, मग विचार करून ती चूक ठरवली. दोन वेळा बुडता बुडता एम्की वर आला.

चार दिवसांनी, ११ सप्टेंबरला, तोच एम्की न्यूयॉर्कमध्ये यँकीजच्या संघापुढे उभा राहिला. यँकी स्टेडियम त्याच वर्षी उघडलेलं. समोर बेब रूथसारखा फलंदाज, आणि तो संघ त्या वर्षीचा विजेता ठरायचा होता. सामन्याचा पहिला फलंदाज व्हायटी विट. पळण्यात चपळ. त्याने चेंडू जमिनीलगत तिसऱ्या बेसकडे मारला. तिथे हॉवर्ड शँक्स होता. चेंडू उसळला, शँक्सच्या छातीवर आदळला. तो उचलून फेकेपर्यंत विट पहिल्या बेसवर पोचला होता.

वर पेन्सिल घेऊन बसला होता फ्रेड लीब, न्यूयॉर्कचा नामांकित क्रीडालेखक. त्याने लिहिलं, हिट. त्या क्षणी यावर कुणी भुवईसुद्धा उंचावली नसेल. सामन्याचा पहिलाच फलंदाज, चेंडू अवघड उसळलेला, धावणारा चपळ. असे निर्णय गुणलेखक रोज देतो आणि विसरतो.

पण पुढे झालं असं की, त्यानंतर यँकीजच्या एकाही फलंदाजाला हिट मिळाली नाही. डावामागून डाव जात होते आणि वहीतली ती एकटी हिट मोठी मोठी होत होती. बोस्टनने सामना ३–० असा जिंकला. चार दिवसांपूर्वीचा नो-हिटर सगळ्यांना आठवत होता. लागोपाठच्या दोन सामन्यांत दोन नो-हिटर तोवर वरिष्ठ लीगमध्ये कुणीही टाकले नव्हते. मधे उभी होती ती फक्त शँक्सच्या छातीवर उसळलेल्या चेंडूची नोंद.

लीबला विनवण्या झाल्या. ती चूक लिही, एवढंच. तक्रार लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्यापर्यंत गेली. नोंद बदलली नाही. पुढे १९३८ च्या जूनमध्ये, ११ आणि १५ तारखेला, सिनसिनाटीच्या जॉनी व्हँडर मीरने तो पराक्रम केला, आणि तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या कुणाला तो जमलेला नाही. त्या दोन ओळींच्या यादीत एम्कीचं नाव असू शकलं असतं. आज ती यादी एकाच ओळीची आहे.

तुम्ही विचाराल, लीबचं चुकलं का? मी त्याच्या बाजूचा आहे. त्याने जे पाहिलं ते पाहिल्या वेळी लिहिलं, शेवट माहीत नसताना लिहिलं. खरा प्रश्न वेगळाच आहे. तोच चेंडू, त्याच शँक्सकडे, नवव्या डावात आला असता, तर त्याच पेन्सिलीने काय लिहिलं असतं? गुणलेखकांच्या मंडळींत एक न लिहिलेला संकेत फार वर्षं चालत आला आहे: सामन्यातली पहिली आणि एकुलती हिट निर्विवाद असली पाहिजे, संशयाचा फायदा पिचरला द्यावा. ऐकायला हे दयाळूपणाचं वाटतं. पण मग पहिल्या डावातला शँक्स आणि नवव्या डावातला शँक्स यांना दोन वेगळी मापं लागतात. आणि दुकानदाराने गिऱ्हाईक पाहून माप बदललं तर आपण त्याला काय म्हणतो?

याच लीबच्या नावाशी आणखी एक तंटा जोडलेला आहे, आणि तोही आदल्याच वर्षीचा. मे १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सामन्यात टाय कॉबच्या एका फटक्यावर अधिकृत गुणलेखक जॉन कीरनने चूक लिहिली होती. लीब तिथे वृत्तसंस्थेसाठी गुणपत्रिका लिहीत होता, त्याने हिट लिहिली. हंगामाच्या अखेरीस लीगने हिशेबात लीबची हिट धरली, आणि कॉबची सरासरी .४०१ झाली. कीरनचं ऐकलं असतं तर ती .३९९ राहिली असती. बेसबॉलमध्ये चारशेचा उंबरठा म्हणजे काय, हे तिकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गंमत अशी की लीब तेव्हा क्रीडालेखकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, आणि अधिकृत माणसाचंच मत चाललं पाहिजे म्हणून तो स्वतःच्या हिटविरुद्ध उभा राहिला. जॉन्सन यांनी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी एम्कीच्या वेळी लीब का हलला नसेल, हे यावरून थोडंसं समजतं.

हातातोंडाशी आलेला प्रत्येक नो-हिटर असा वादात गेला असं मात्र समजू नका. १९४७ च्या अंतिम मालिकेत यँकीजचा बिल बेव्हन्स ब्रुकलिनविरुद्ध नवव्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत बिनहिट होता. एकच गडी उरला होता. कुकी लाव्हाजेटोने उजवीकडच्या भिंतीवर चेंडू आदळला, दोन धावा झाल्या, नो-हिटरही गेला आणि सामनाही गेला. त्या मालिकेनंतर बेव्हन्स वरिष्ठ लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. त्याच्याबद्दल हळहळ सर्वांना वाटते, पण भिंतीवर आदळलेल्या चेंडूवरून भांडण कोण करणार?

भांडण होतं ते हातमोज्यात अडकलेल्या चेंडूवरून. २५ ऑगस्ट १९५२. पुन्हा यँकी स्टेडियम. डेट्रॉइटचा व्हर्जिल ट्रक्स चेंडू टाकत होता. तिसऱ्या डावात फिल रिझूटोने चेंडू जमिनीलगत मारला, तो जॉनी पेस्कीकडे गेला. पेस्कीने अडवला, पण मोज्यातून काढताना त्याचा घोटाळा झाला आणि रिझूटो पोचला. गुणलेखक होता न्यूयॉर्क टाइम्सचा जॉन ड्रेबिंजर. त्याने आधी लिहिलं, चूक. शेजारच्या लेखकांनी म्हटलं, अरे, चेंडू मोज्याच्या जाळीत अडकला होता, त्यात त्याचा काय दोष? ड्रेबिंजरने खोडून लिहिलं, हिट. डाव पुढे सरकले. फलकावर ती एकच हिट. पत्रकारांच्या कक्षात चुळबुळ सुरू झाली. शेवटी सातव्या डावाच्या सुमाराला ड्रेबिंजरने खाली पेस्कीलाच फोन लावून विचारलं, बाबा, नेमकं काय झालं? पेस्कीने सांगितलं, गडी बाद व्हायला हवा होता, माझ्याच हातून गेलं. ड्रेबिंजरने पुन्हा खोडून लिहिलं, चूक. मैदानात तशी घोषणा झाली. प्रेक्षक यँकीजचे, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक्सने उरलेले गडी बाद केले आणि १–० असा नो-हिटर पदरात पाडला.

हा त्याचा त्याच वर्षातला दुसरा. मे महिन्यातला पहिलाही १–० असाच. आणि त्या वर्षीचा त्याचा हिशेब काय? पाच सामने जिंकले, एकोणीस हरले. त्या पाचांतले दोन हे! संघाने तर एकशेचार सामने गमावले.

ड्रेबिंजरने बरं केलं की वाईट? साक्षीदाराला विचारून निकाल दिला, हे चांगलं. पण साक्षीदार कोण? ट्रक्सच्याच संघातला गडी. ‘चूक माझी’ असं म्हटल्याने त्याच्या मित्राचं भलं होणार होतं. कोर्टात वकिलाने हा मुद्दा पहिल्या वाक्यात काढला असता. उलट बाजूही पाहिली पाहिजे: आपल्या नावावर आपण होऊन चूक लिहून घेणारा माणूस रोज भेटत नाही. आणि ड्रेबिंजर न्यूयॉर्कचा असून त्याने पाहुण्या पिचरच्या पारड्यात टाकलं. एम्कीचा लीबही न्यूयॉर्कचाच. दोघांनी उलटसुलट निकाल दिले, पण गावच्या संघाकडे पाहून दिले असं कुणाला म्हणता येणार नाही.

१९८० च्या सुमारास मोठ्या वर्तमानपत्रांनी आपल्या बातमीदारांना हे काम करायला मनाई केली. बातमी लिहिणाऱ्याने बातमी घडवू नये, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून लीग आपली माणसं नेमते. वर दाद मागायची सोय आहे. पण सोय झाली म्हणून तंटे थांबले नाहीत. फक्त ते मैदानावरून कचेरीत गेले.

३१ ऑगस्ट २००८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिलवॉकीच्या सी. सी. सबाथियाने एकच हिट दिली. पाचव्या डावात अँडी लारोशचा चेंडू घरंगळत आला, सबाथिया स्वतःच पुढे धावला, उघड्या हाताने उचलायला गेला आणि चेंडू निसटला. गुणलेखक म्हणाला, हिट. मिलवॉकीने लीगकडे दाद मागितली. चित्रफिती पाहून लीगने निर्णय कायम ठेवला. समजा, बदलला असता, तर त्या माणसाला नो-हिटर मिळाला असता तो टपालाने! ना टाळ्या, ना सोबत्यांची मिठी. पुढे अकरा वर्षं खेळूनही सबाथियाला नो-हिटर मिळाला नाही.

९ मे २०१४ ला टेक्सासमध्ये याच्या नेमकं उलट झालं. जपानचा यू दार्विश बोस्टनविरुद्ध सातव्या डावापर्यंत एकालाही बेसवर येऊ देत नव्हता. डेव्हिड ऑर्टिझने चेंडू उंच मारला. रिओस आणि ओडोर हे दोन क्षेत्ररक्षक धावले, दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले आणि चेंडू मधे पडला. ज्या चेंडूला हात लागला नाही त्यावर चूक लिहायची नाही, अशी जुनी वहिवाट. नियम मात्र लिहिण्याची मुभा देतो. गुणलेखकाने रिओसच्या नावावर चूक लिहिली, म्हणून नो-हिटर जिवंत राहिला. नवव्या डावात दोन गडी बाद झाल्यावर त्याच ऑर्टिझने खरी हिट मारली आणि सगळं संपलं. मग काही दिवसांनी लीगने आधीची चूकही हिट करून टाकली. आता विचार करा: नवव्या डावात ऑर्टिझ बाद झाला असता, सगळा संघ मैदानात नाचला असता, आणि आठवड्याच्या आत कचेरीतून पत्र आलं असतं की तो नो-हिटर नव्हताच. असं पत्र लिहायचं धैर्य कुणाला झालं असतं का? मला शंका आहे.

इथे एक फरक मनात ठेवा. २ जून २०१० ला डेट्रॉइटच्या आर्मांडो गालारागाने सव्वीस गडी ओळीने बाद केले. सत्ताविसावा, जेसन डोनल्ड, पहिल्या बेसवर उघड उघड बाद होता. अंपायर जिम जॉइसने तो वाचला असं सांगितलं. गालारागा नुसता हसला आणि पुढच्या गड्याला बाद करून मोकळा झाला. सामन्यानंतर चित्र पाहून जॉइसने सरळ कबूल केलं की माझा निर्णय चुकला. दुसऱ्या दिवशी गालारागाने त्याच्या हातात संघाची यादी दिली तेव्हा अंपायरचे डोळे भरून आले होते. आयुक्त बड सीलिग यांनी निकाल बदलला नाही. पण अशी चूक दुरुस्त करता येण्याजोगी असते: पाय आधी की चेंडू आधी, हे चित्रात दिसतं. २०१४ पासून अंपायरचे असे निर्णय तिथल्या तिथे चित्र पाहून बदलता येतात. गुणलेखकाचं तसं नाही. शँक्सच्या छातीवर उसळलेला चेंडू शंभर वेळा सावकाश चालवून पाहिला, तरी तो ‘साधारण प्रयत्नाने’ उचलता आला असता की नाही, हे चित्र सांगणार नाही. ते पाहणाऱ्यालाच ठरवावं लागेल.

एम्कीचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. १९२९ साली तो पस्तिशीचा होता आणि ज्या फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने नो-हिटर टाकला होता त्याच संघातून खेळत होता. हंगामात त्याला फारसं खेळवलं नव्हतं. अंतिम मालिकेचा पहिला सामना शिकागोला होता, आणि त्यासाठी संघनायक कॉनी मॅक यांनी सगळ्यांना चकित करून त्याला पाठवलं. त्या दिवशी त्याने तेरा फलंदाजांना बॅट न लागू देता बाद केलं. अंतिम मालिकेतला हा उच्चांक १९५३ पर्यंत टिकला. अशा प्रकारे बाद झालेल्या गड्यांची मोजणी करायला गुणलेखकाचं मत लागत नाही.